ताईचा आवाज कुणी काढला?

१

"माझ्या बायकोचा आवाज चोरीला गेलाय," भावोजी फोनवर म्हणाले. "ताबडतोब ये. येताना तुझी ती संशयी नजर घेऊन ये."

मी विमा कंपनीत दाव्यांची तपासणी करायचे. दुकान जळलं की जाळलं, गाडी चोरीला गेली की मेव्हण्याच्या गॅरेजात झाकून ठेवली, हे शोधण्यात माझी हयात गेली. निवृत्त झाले तरी घरचे मला 'फौजदार' म्हणतात. एरवी माझ्या चौकशांनी वैतागणारे हेच लोक अडचणीत आले की पहिला फोन मलाच करतात. मी पिशवी उचलली आणि निघाले.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिला जाऊन दीडएक वर्ष झालं. भावोजींची नजर त्याच्याही बरीच आधी गेली. काचबिंदूने ती हळूहळू पोखरली, आता खोलीत दिवा लागलाय की नाही एवढंच त्यांना कळतं. तेव्हापासून त्यांचा एक नेम होता. सकाळचा चहा झाला की जुन्या कॉम्प्युटरसमोर बसायचं, हेडफोन चढवायचा आणि मुलं लहान असतानाचे घरचे व्हिडिओ लावायचे. बघायला नाही, ऐकायला. त्यांत ताई बोलायची. ती गेल्यावर तर त्यांचा दिवस तिथूनच सुरू व्हायचा, कारण तिचा आवाज दुसरीकडे कुठे उरलाच नव्हता. फोनवर निरोप रेकॉर्ड कर म्हटलं तरी बाई लाजून पळायची.

मग तो कॉम्प्युटर कुरकुरायला लागला. भाच्याने एका रविवारी सगळ्या जुन्या फाइली नव्या प्रकारात बदलून घेतल्या, म्हणजे त्या टीव्हीवर, फोनवर, कुठेही चालाव्यात. जुनं धूड भंगारात गेलं. आणि नव्या फाइली लावल्या तर सगळं जागच्या जागी, फक्त ताई गप्प.

"लाव रे, मावशीला दाखव," भावोजी म्हणाले.

भाच्याने टीव्हीवर एक व्हिडिओ लावला. अंगणात मुलं खेळतायत, कुत्रा भुंकतोय, पलीकडे कुणाची तरी स्कूटर सुरू होत नाहीये, कॅमेऱ्यामागे भावोजी खोकतायत. आवाज अगदी स्वच्छ होता.

"इथे ती बोलते," भावोजींनी टीव्हीकडे बोट केलं, जरा उजवीकडे चुकून. "इथेच. ऐकलंस? काही नाही."

भाच्याने मला हळूच स्वयंपाकघरात नेलं. त्याचं तोंड उतरलं होतं.

"मावशी, आई या व्हिडिओंत बोलतच नाही गं. कधीच बोलत नव्हती. बाबांसाठी मी पुढच्या आठवड्यात मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय."

२

चोरी झाली की नाही इथूनच वाद होता, पण एका माणसाने चोर आधीच पकडून ठेवला होता. तो माणूस म्हणजे चिमणी, ताईची धाकटी लेक. चाळिशी दारात आली तरी नाव चिकटलं ते चिकटलं. ती पोहायला शिकवते, त्यामुळे तिची कुजबुजसुद्धा तलावाच्या पलीकडच्या काठापर्यंत पोचते.

"मावशी, मला विचारशील तर हे वहिनीचं काम आहे."

"हळू बोल. कशावरून?"

"आई असताना वहिनी म्हणाली होती, दिवसभर यांचाच आवाज कानात घुमत असतो म्हणून. मी माझ्या कानांनी ऐकलंय."

"अगं, तुझ्या आईला हे मी लहानपणापासून ऐकवत आले. म्हणून काय मी चोर?"

"बरं, मग कॉम्प्युटरची खोळ कुठाय? आईने माझ्या जुन्या फ्रॉकची शिवलेली, पिवळ्या फुलांची. मला हवी होती ती. वहिनीला विचारलं तर म्हणते, माहीत नाही. आईची एकेक वस्तू या घरातून जातेय आणि कुणाला काही माहीत नाही!" बोलता बोलता तिचा आवाज फुटला. ती रागावली नव्हती, तिला आई हवी होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

भाच्याची बायको, आमची सूनबाई, भांडी आवरत होती. हिची कवळ्या बनवायची लॅब आहे. बोलणं मोजकं, काम चोख. मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"जुना कॉम्प्युटर भंगारात कुणी दिला?"

"मीच, मावशी. टेम्पो आला होता."

"कुठला भंगारवाला?"

"नेहमीचा." तिने एक पातेलं घासायला घेतलं. ते मी आल्या आल्या घासून पालथं घातलेलं पाहिलं होतं. स्वच्छ पातेलं पुन्हा घासणारी बाई काहीतरी पोटात ठेवून असते, हे मला विम्याच्या नोकरीने नाही, संसाराने शिकवलं आहे.

माझ्या मनात पाल चुकचुकली. चिमणीचं खरं निघतंय की काय?

३

भाचा एका बँकेच्या कॉम्प्युटरांचं बघतो. त्याला घेऊन मी गॅलरीत बसले.

"मला अडाण्याला सांगतात तसं सांग. तू नक्की काय केलंस?"

"व्हिडिओची फाइल म्हणजे एक डबा समज. आत एका कप्प्यात चित्र, दुसऱ्यात आवाज. आपले डबे जुन्या घडणीचे होते, एव्हीआय. नवे टीव्ही ते उघडेनात. म्हणून आतला माल काढून एमपी-फोर नावाच्या नव्या डब्यात भरला. एवढंच. सगळं त्या प्रोग्रॅमने केलं, मी नुसतं बटन दाबलं."

"माल सांडला नाही ना?"

"एकूणएक फाइल लावून बघितली मी. चित्र होतं, आवाज होता. मग माझ्याकडच्या जुन्या प्रती पुसल्या, आणि मूळ फाइली कॉम्प्युटरबरोबर भंगारात गेल्या."

"बरं. त्या आवाजातून एकट्या माणसाचा आवाज काढता येतो का?"

त्याने मान हलवली. "कुत्रा, स्कूटर, आम्ही दोघं, बाबांचा खोकला, सगळं तसंच ठेवून फक्त आई? तेही कुठे खरखर न होता? मला तर नाही जमणार. सगळे आवाज एकातच मिसळलेले असतात." तो थांबला. "आणि मावशी, मी माझ्या आईचा आवाज कशाला काढीन?"

मी त्याला लहानपणी अंघोळ घातली आहे. हा खोटं बोलला की याचे कान लाल होतात. कान जागेवर होते.

नोकरीत असताना आग आणि चोरी यांशिवाय एक तिसरी शक्यता मी कायम मनात धरायचे. गेली म्हणतात ती वस्तू मुळात तिथे नव्हतीच. ती शक्यता खरी ठरली तर भावोजींचं डोकं खरंच फिरलं होतं.

४

भावोजी आतल्या खोलीत खुर्चीवर बसले होते. समोरच्या टेबलावर कॉम्प्युटरची जागा रिकामी होती आणि त्यांचा हात तिथे पसरलेला होता.

"भावोजी, त्या अंगणातल्या व्हिडिओत ताई काय म्हणते? शब्दन् शब्द सांगा. हातचं काही राखू नका."

"अगं, पाठच आहे." त्यांनी डोळे मिटले. न दिसणारा माणूस आठवताना डोळे का मिटतो कोण जाणे. "ती म्हणते, 'चिमणीने लाल टोपी पार कानापर्यंत ओढलीय. पायरीवर बसलीय. डाव्या बुटाची नाडी सुटलीय आणि ही उजव्याची बांधत बसलीय. थोरला मागून येतोय, हातात पाण्याची बादली. आता बघा हं, ओतणार.' मग सगळे किंचाळतात."

मी भाच्याला हाक मारली. खोलीतल्या छोट्या पडद्यावर आम्ही तोच व्हिडिओ लावला. लाल टोपी होती. नाडी डाव्या बुटाची सुटली होती. बादली आली, ओतली गेली, सगळे किंचाळले. भावोजींनी सांगितलं त्यात कानामात्रेचा फरक नव्हता.

"आठवत असेल त्यांना," भाचा हलक्या आवाजात म्हणाला. "तेव्हा डोळे चांगले होते, त्यांनीच तर काढलाय." मग त्याने पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "पण हे बघ."

कोपऱ्यात, अंगणाच्या पार टोकाला, ताई कपडे वाळत घालत होती. तरुण, केस वर बांधलेले. तिच्या तोंडात कपड्यांचे दोन चिमटे घट्ट धरलेले होते.

"तोंडात चिमटे असताना आई एवढं कसं बोलेल?"

भावोजींचा चेहरा एवढासा झाला.

"चिमटे?" ते म्हणाले. "मला कुणी सांगितलं नाही कधी." त्यांचे ओठ हलत राहिले. "मी खोटं नाही बोलत गं. रोज ऐकायचो मी तिला."

मला रडू येत होतं, पण रडले की मला विचार करता येत नाही. मी त्यांचा हात धरला.

"तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हटलं का? मला एकच सांगा. ती बोलते तेव्हा मागे आणखी काय ऐकू येतं? कुत्रा, स्कूटर सोडून."

ते विचारात पडले. "घड्याळ," ते म्हणाले. "टिकटिक. मला वाटायचं कॅमेऱ्याचीच असेल."

अंगणात कसलं आलंय घड्याळ? मी मान वर केली. आमच्या डोक्यावर, आतल्या खोलीच्या भिंतीवर, ताईच्या लग्नातलं जुनं घड्याळ सगळ्यांना ऐकू जाईल असं टिकटिक करत होतं.

५

"कॅमेरा कुठाय?" मी विचारलं.

भाच्याने कपाटाच्या वरच्या फळीवरून तो काढला. छोट्या टेपांवर चालणारा, कधीच बंद पडलेला. टेपा ताई असतानाच बुरशी धरून गेल्या होत्या; त्याआधी कॉलेजात असताना भाच्याने त्या कॉम्प्युटरवर उतरवल्या, हेच नशीब. मी चष्मा सावरून कॅमेऱ्याचं एकेक बटन बघत गेले. एका बाजूला, झाकणाच्या आत, एक इवलंसं बटन होतं.

"हे कशाचं?"

"ते? ऑडिओ डब. रेकॉर्डिंग झाल्यावर नंतर वेगळा आवाज भरायचा असेल तर. मूळ आवाज तसाच राहायचा, टेपवर दुसऱ्या आवाजासाठी वेगळी..." भाचा बोलता बोलता थांबला. आता मात्र त्याचे कान लाल झाले. "मावशी."

"बस खाली," मी म्हटलं, "आणि मी सांगते त्यात चूक असेल तर थांबव. तू म्हणतोस, मिसळलेल्या आवाजातून ताईला काढणं कुणाला जमणार नाही. म्हणजे ती त्या आवाजात नव्हतीच. हे म्हणतात, मी तिला रोज ऐकलं. म्हणजे ती दुसऱ्या आवाजात होती. अंगणात चिमटे तोंडात धरणारी ताई वेगळी आणि बोलणारी ताई वेगळी. बोलणारी नंतर, या खोलीत, या घड्याळाखाली बसली होती. यांना चिमटे दिसू शकत नव्हते. तुम्हाला ती ऐकू येत नव्हती, कारण टेपा उतरवताना तू ऐकत बसला नाहीस, आणि पुढे हेडफोन यांच्या कानावर आणि तुम्ही आपापल्या कामात. एका व्हिडिओचे दोन अर्धे साक्षीदार! दोघंही खरं बोलत होते."

"एका फाइलीत आवाजाचे दोन कप्पे होते," भाचा पुटपुटला. "जुना प्लेयर दोन्ही एकत्र वाजवायचा. आणि हा प्रोग्रॅम, वेगळं काही सांगितलं नाही तर पहिलाच आवाज उचलतो. दुसरा सोडून देतो. मी आवाज येतोय का एवढंच बघितलं. कुठला आवाज, ते नाही बघितलं."

त्याने डोकं दोन्ही हातांत धरलं. "मावशी, चोर मीच आहे. आणि मूळ फाइली मी भंगारात घालवल्या."

"तू नाही घालवल्यास," मी म्हटलं. "तू फक्त घालव म्हणालास. चप्पल घाल, तुझ्या बायकोच्या लॅबमध्ये जायचंय. चिमणीलाही घे."

६

कवळ्यांच्या लॅबमध्ये सगळीकडे प्लॅस्टरची पांढरी भुकटी असते आणि फळ्यांवर रांगेने मांडलेले जबडे आल्यागेल्याला हसत असतात. सूनबाई मोठ्या दिव्याखाली वाकून एक दात बसवत होती. आम्हा तिघांना बघून तिच्या हातातला दात खाली पडला.

"सूनबाई," मी म्हटलं, "भंगारात कॉम्प्युटर देताना त्याला कुणी खोळ घालून देत नाही. खोळ काढून तिचं फडकं करतात आणि धूड टेम्पोत टाकतात. इथे खोळसुद्धा गेली. म्हणजे नेणाऱ्याने ते जपून नेलं. कुठे ठेवलंयस?"

ती उठली. मग मागच्या खोलीचं दार उघडलं. प्लॅस्टरच्या गोण्यांपासून दूर, कोरड्या कोपऱ्यात, पिवळ्या फुलांची खोळ घातलेला कॉम्प्युटर होता. खोळीवर भुकटीचा कणसुद्धा नव्हता.

चिमणीच्या तोंडून शब्द फुटेना. तलावापार पोचणाऱ्या त्या आवाजाचं असं पहिल्यांदाच होत असावं.

"मी चोरला नाही," सूनबाई म्हणाली. "बाबा रोज सकाळी त्याच्यावर हात ठेवून बसायचे. चालू नसला तरी बसायचे. टेम्पोत चढवायला माझा हातच धजावला नाही. पण हे म्हणाले होते, घरात अडगळ नको, आणि नव्यात सगळं आलंय. मग बाबांचं ते सुरू झालं. चिमणी माझ्यावर घसरली. त्यात हा इथे सापडला असता तर मी चोरच ठरले असते." ती चिमणीकडे वळली. "आईंच्या आवाजाबद्दल मी बोलले होते, खरं आहे. पण त्या गेल्यापासून घर इतकं गप्प झालंय, की तेव्हा बोललेलं मलाच आता रोज टोचतं."

चिमणी तिच्या गळ्यात पडली. दोघींच्या कपड्यांवर पांढरे हात उमटले.

"सूनबाई, आत काय आहे ते तुला माहीत नाही," मी म्हटलं. "पण ते तुझ्यामुळेच राहिलंय. राहिलंय ना रे?"

भाचा गुडघ्यांवर बसून वायर जोडत होता. कॉम्प्युटर कुरकुरला, घुर्रर्र करून गप्प झाला. आम्ही तिघी त्याच्या डोक्यावरून वाकून बघत राहिलो. त्याने पुन्हा बटन दाबलं.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी भाच्याने पहिला व्हिडिओ नव्या डब्यात पुन्हा भरला. या वेळी त्याने दोन्ही आवाज घेतले, दोनदा तपासले, आणि जुनी फाइल पुसायचं नाव काढलं नाही. मेंदूच्या डॉक्टरांना फोन करून वेळ रद्द केली ती चिमणीने, एवढ्या मोठ्याने, की डॉक्टरांना फोनशिवायही ऐकू गेलं असतं.

सगळे टीव्हीसमोर बसलो. कुत्रा भुंकला. आणि त्याच्यावरून, अगदी जवळून, माझी ताई बोलली.

"चिमणीने लाल टोपी पार कानापर्यंत ओढलीय..."

पडद्यावर ती दूर कोपऱ्यात चिमटे धरून होती आणि खोलीत तिचा आवाज भरून राहिला होता. भाच्याने तोंड फिरवलं. भावोजी ताठ बसले होते, ओठ तिच्या शब्दांबरोबर हलत होते. व्हिडिओ संपला तेव्हा मला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत.

"फौजदार," ते म्हणाले, "एक राहिलं. ती नंतर बोलली म्हणतेस, पण हे सगळं मी कॅमेरा धरून बघितलेलंच होतं. धडधाकट डोळ्यांनी. मग टोपी लाल आहे हे ती मला कशाला सांगेल?"

हा प्रश्न मी कालपासून टाळत होते. उत्तर मला मिळालं होतं, ते सांगायचं धाडस नव्हतं. पण खरं शोधून काढलं की ते ज्याचं त्याला द्यावं लागतं.

"लगेच नंतर नाही सांगितलं तिने, भावोजी. पुढे बऱ्याच वर्षांनी, तुम्ही कामावर गेल्यावर, ती आतल्या खोलीत बसून एकेक टेप बघत बोलली. पुढे तुम्हाला लागेल म्हणून."

"पण तेव्हा मला दिसत होतं. नजर जाणार हे मलाच..." ते थांबले. "पहिल्यांदा डोळे दाखवायला गेलो होतो," ते सावकाश म्हणाले, "तेव्हा ती आत डॉक्टरांपाशी मागे थांबली होती. बाहेर येऊन म्हणाली, काही नाही, चष्म्याचा नंबर बदललाय. मला वाटलं, एवढ्याशा गोष्टीला हिने किती वेळ लावला."

चिमणीने त्यांचे दोन्ही हात धरले.

"मला जे काही दिसत होतं ना, ते तिच्या बोलण्यातूनच दिसत होतं," ते म्हणाले. "तिच्यामागे मला कुणी काही सांगतच नाही. तुम्ही सगळे फार चांगले आहात. औषध देता, हात धरून नेता. पण समोर काय चाललंय ते कुणी सांगत नाही. आत्तासुद्धा. या खोलीत आत्ता काय चाललंय?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. त्यांच्यासमोर आम्ही इतकी वर्षं वावरत होतो आणि हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, माझ्यासारख्या फौजदाराच्यासुद्धा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बोलली ती सूनबाई. आधी घसा साफ केला.

"बाबा, चिमणी तुमच्या पायाशी बसलीय. हे खिडकीकडे तोंड करून उभे आहेत, डोळे पुसतायत, आणि आपल्याला कळलं नाही असं त्यांना वाटतंय. खिडकीतून ऊन आलंय, ते तुमच्या गुडघ्यांपर्यंत पोचलंय. आणि मावशी..." ती जराशी अडखळली.

"सांग की."

"मावशी चष्मा पुसायच्या निमित्ताने नाक पुसतायत."

भावोजी हसायला लागले. हसता हसता त्यांनी खुर्ची टीव्हीकडून तिच्या आवाजाकडे वळवली.

"सांग," ते म्हणाले. "अजून सांग."